भेटकलम

इंदुमती गायखेला त्या सकाळी सलग बाविसाव्या नमुन्यात नुसता कापलेल्या गवताचा वास आला. तिने काचेच्या नळीपासून नाक बाजूला केलं आणि काचेपलीकडे बसलेल्या सबनीस मॅडमना मान हलवून सांगितलं, "नाही."

"परत एकदा घ्या, इंदुताई."

तिने परत घेतला. यंत्रात द्राक्षाचा रस वाफ होऊन जाई, त्यातला एकेक गंध सुटा होऊन नळीच्या तोंडाशी येई आणि इंदू त्याचं नाव सांगून त्याला एक ते दहांमधला आकडा देई. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात या नळीतून गुलाब यायला हवा होता, संत्र्याचं फूल, वेलची, कच्चा मध. आज फक्त गवत आलं.

"गवत. नऊ," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

डॉ. अरुंधती सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्यामागच्या नकाशावर कादवा नदीच्या दोन्ही काठांवरच्या बागा हिरव्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. त्यातला एकही ठिपका अजून पिवळा झाला नव्हता. छाटणीला साडेचार महिने उलटले तरी चार हजार एकरांवर एकाही मण्यात पाणी उतरलं नव्हतं, एकही मऊ पडला नव्हता. मणी वाढले होते, गोट्यांसारखे टणक होते आणि दाताखाली फोडले तर चिंचेहून आंबट होते.

इंदू या गंधशाळेत नऊ वर्षांपूर्वी आली. त्याआधी ती भावाच्या बागेत घडांची विरळणी करायची. नवरा गेला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. थोरला भाऊ रंगनाथ तिला सासरहून घेऊन आला आणि "किती दिवस राहणार" असं त्याने कधी विचारलं नाही. रंगनाथची बायको त्यापूर्वीच वारली होती. भाऊ-बहीण दोघंच, दोन एकर बाग आणि एक विहीर. पुढे गंधशाळेची माणसं गावोगाव फिरून नाकं पारखत होती. दहा बाटल्या हुंगून ओळखायच्या होत्या. इंदूने दहाही ओळखल्या आणि अकरावी, पाण्याची म्हणून ठेवलेली बाटली हुंगून म्हणाली, "हिच्यात आधी काहीतरी होतं. जायफळ बहुतेक."

तेव्हापासून ती इथल्या क्वार्टरमध्ये राहत होती. नाक जपायचं तर बरंच काही सोडावं लागतं. फोडणी नाही, उदबत्ती नाही, वासाचा साबण नाही, डोक्यात फूल नाही. कोणी भेटायला आलं तर त्याच्या अंगाचा, तेलाचा, तंबाखूचा वास दोन दिवस खोलीत राहतो, म्हणून भेटायला येणंही हळूहळू बंद झालं. सणावाराला शेजारच्या बायका बोलवायच्या. तीन वर्षं नाही म्हटल्यावर त्यांनी बोलवणं सोडलं. उकडलेला भात, मीठ आणि दूध असं जेवून ती नऊ वर्षं नाकाची राखण करत होती.

सबनीस मॅडमचा शोध तिला त्यांनीच पहिल्या वर्षी समजावून दिला होता. द्राक्षाचा हिरवा मणी म्हणजे बंद दार. वेलीतला ऑक्झिन नावाचा रस त्याला लहान आणि आंबट ठेवतो. मग एका ठरावीक वेळी ऑक्झिन ओसरतो आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल चढतं. तो वेलीचा इशारा. इशारा मिळाला की मणी मऊ पडतो, साखर भरते आणि सालीत गंध तयार व्हायला लागतो. किडा चावला, ऊन लागलं, की वेल जास्मोनेट नावाचा आणखी एक रस बनवते आणि गंध आणखी गडद होतो. हे सगळे रस कोणत्या दिवशी, किती, कशामागून कोणता, यावर गुलाब होणार की मध होणार ते ठरतं.

"म्हणजे भाजी तीच, पण मसाला कधी टाकला त्यावर चव," इंदू तेव्हा म्हणाली होती, आणि मॅडम खूश होऊन हसल्या होत्या.

त्या ज्ञानातून 'साद' हे यंत्र झालं. प्रत्येक वेलीच्या खोडात केसाएवढी नळी, आणि ठरल्या तासाला ठरल्या रसाचा थेंब. साध्या बिनवासाच्या द्राक्षात हवा तो गंध उतरवता यायला लागला. अडचण एकच होती. वेल स्वतःचाही इशारा द्यायची आणि यंत्राच्या थेंबांत गोंधळ व्हायचा. म्हणून वेलीचा स्वतःचा इशारा बनवणारं जनुक गप्प करणारी फवारणी आली. वेलीने फक्त यंत्राचं ऐकायचं. आठ वर्षं तिने ऐकलं. पण पुढच्या वर्षी फुटायचे डोळे याच वर्षीच्या काडीत घडत असतात, आणि प्रत्येक नव्या डोळ्याबरोबर तो मुकेपणा खोल खोल जात राहिला. यंदा वेलीला यंत्राचा थेंबही कळेना.

"त्या झोपल्यात," सबनीस मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांना उठवायचं कसं ते मला माहीत नाही. कधीच फवारणी न झालेली, आत्ता पिकत असलेली एखादी वेल मिळाली तर बघता येईल. सगळीकडे विचारलं. कुठेच नाही."

 इंदूला एक वेल माहीत होती.

रंगनाथच्या विहिरीच्या काठावर तीस वर्षांपूर्वी कुणीतरी थुंकलेल्या बीतून एक वेल उगवली होती. तिच्या द्राक्षाला सोनचाफ्याचा वास यायचा. नेमका तसा नाही. चाफा उन्हात ठेवून मग मडक्यातल्या पाण्यात बुडवला तर येईल तसा. रंगनाथने त्या वेलीच्या काड्या लावून अर्धा एकर वाढवला होता. दरवर्षी तो टोपल्या घेऊन नाशिकला ठरलेल्या पंचवीस-तीस घरी जायचा. तिथली म्हातारी माणसं त्याची वाट बघत बसायची. त्याला तेवढंच आवडायचं.

गंधशाळेतल्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी सहज विचारलं होतं, "ताई, यंत्राला माहीत नसलेला एखादा गंध तुम्हाला माहीत आहे?" इंदूने दुसऱ्या दिवशी डब्यात घड आणून दिला. तिला वाटलं, दादाच्या वेलीचं नाव होईल. पुढच्या हंगामात सोनचाफ्याची द्राक्षं प्रत्येक हातगाडीवर होती. नाशिकच्या घरांतून रंगनाथच्या टोपल्या तशाच परत आल्या. त्याने अर्धा एकर उपटून कांदा लावला. विहिरीवरची मूळ वेल तेवढी ठेवली.

त्याने इंदूला एकच प्रश्न विचारला होता. "तू दिलीस?"

"हो, दादा."

"मग तिकडेच राहा."

त्याला सात वर्षं झाली होती.

*

मॅडमना तिने सांगितलं, तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. मग बसून त्यांनी कागदावर चित्र काढलं. झोपलेल्या वेली कुंड्यांत घालून त्या वेलीभोवती ठेवायच्या. दोघींच्या जिवंत काड्या तासून एकमेकींना बांधायच्या.

"भेटकलम," इंदू म्हणाली. "आंब्याला करतात तसं."

"तसंच. दोघी आपापल्या मुळांवर उभ्या राहतात, पण रस एक होतो. जागी वेल पिकत असताना जो इशारा देते तो झोपलेलीत जाईल. त्यात नेमकं काय जातं ते आम्ही पकडू, त्याची फवारणी बनवू."

"दादाच्या वेलीच्या काड्याच नेल्या तर?"

"नव्या काडीला फळ यायला दोन-तीन वर्षं. फळ नाही तर इशाराही नाही. तोवर लोक बागा उपटतील, ताई. कालच फाटकाशी तीन शेतकरी रडत होते."

इंदूने चित्राकडे पाहिलं. मॅडमनी बाण एकाच बाजूने काढला होता.

"रस इकडून तिकडे जाणार तसा तिकडून इकडेही येईल ना?"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "येईल. त्याबरोबर झोपही त्या वेलीत येऊ शकते. पण हे त्यांना आधीच सांगितलंत तर ते नाही म्हणतील."

*

रंगनाथ विहिरीवर मोटरीचा पट्टा बघत होता. पासष्टीचा झाला होता, खांदे उतरले होते. इंदूला पाहून त्याने हात धोतराला पुसले.

"या," तो म्हणाला. "बसा."

हे 'या, बसा' तिला वाटेतल्या सगळ्या विचारांपेक्षा जड गेलं. ती विहिरीच्या कठड्यावर बसली. त्याने चहा केला, आलं घालून. तिने नऊ वर्षांत आल्याचा चहा घेतला नव्हता, आज घेतला. बांधापलीकडे निवृत्ती ढोमसेची हिरवीगार, मुकी बाग दिसत होती.

वेल विहिरीवरच्या बाभळीवर चढली होती. वरचे घड पिकून पिवळे झाले होते, खालचे अजून हिरवे होते. जिला कोणी यंत्राने हाकत नाही ती अशीच पिकते, आपल्या सवडीने. रंगनाथने एक घड तोडून पितळीत तिच्यापुढे ठेवला.

तिने मणी तोंडात टाकला. द्राक्षाचा गंध साखरेला बांधलेला असतो, जिभेवर आल्यावर सुटतो. ती थांबली. लिनालूल, चार. जिरॅनिऑल, दोन. अँथ्रानिलेट, सहा. तिने दुसरा मणी खाल्ला. लिनालूल, चार. तिने डोळे मिटले, तीस वर्षांपूर्वीची विहीर आठवायचा प्रयत्न केला, ओला दोर, दुपार. आकडे हटले नाहीत. चाफा कुठेच नव्हता. तो ज्यांचा बनतो ती सगळी नावं होती, आणि तो नव्हता.

"कशी लागली?" रंगनाथने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "मला कळत नाही, दादा," ती म्हणाली. "मला आता नुसती औषधांची नावं कळतात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी अडकला आणि खाली बसला.

"दरसाल एक घड ठेवायचो मी," तो म्हणाला. "वाटायचं, वासाला तरी येशील. मग होळीनंतर पाखरांना सोडून द्यायचो." त्याने पितळी बाजूला सारली. "काय काम काढलंस?"

तिने सगळं सांगितलं. झोप, कुंड्या, भेटकलम. 

"माझी वेल राहील?"

"माहीत नाही. बहुतेक नाही राहायची. तिलाही झोप लागेल."

"हे तुला सांगायला लावलं त्यांनी?"

"नको सांगू म्हणाल्या."

"मग तू आलीस कशाला?"

"विचारायला," इंदू म्हणाली. "मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

रंगनाथ उठला. वेलीपाशी जाऊन उभा राहिला, खोडावरची सुटलेली साल बोटाने सोलत. मग बांधाकडे बघून म्हणाला, "हा निवृत्ती सात वर्षं माझ्याशी बोलला नाही. मी ते यंत्र घेतलं नाही म्हणून माझ्या बागेतून कीड येते म्हणायचा. परवा एकटाच बागेत बसून होता. मी बघितलं. त्याला ठाऊक नाही."

इंदूनेही बांधापलीकडे पाहिलं.

"आणा तुमच्या कुंड्या," तो म्हणाला. "पण बांधणार मी. तुमच्या पोरीटोरींना चाकू धरता येणार नाही."

*

बारा कुंड्या आल्या. रंगनाथने काडीला काडी तासली, हिरव्याला हिरवं लावलं आणि ओल्या सुतळीने बांधलं. बारा वेली विहिरीवरच्या वेलीला धरून गोल उभ्या राहिल्या. सबनीस मॅडमच्या हाताखालच्या मुलींनी रस मोजायच्या सुया लावल्या आणि त्या संध्याकाळच्या आत परत गेल्या. मण्यांचा वास रोज घ्यायला इंदू तिथेच राहिली, मागच्या पडवीत.

तीन आठवडे दोघं एका छपराखाली होती. रंगनाथ आता तिला 'इंदे' म्हणायला लागला होता, पण बोलणं कामापुरतंच. ती सकाळी कुंड्यांतले मणी हुंगून वहीत आकडे लिही. तो कांद्याला पाणी देई. जेवताना तो तिखट खाई, ती भात-दूध खाई. एकदा त्याने न बोलता तिच्या ताटात ठेचा वाढला. तिने तो बाजूला सारला, कारण नाक अजून वीस दिवस लागणार होतं. त्यानंतर त्याने वाढला नाही.

सतराव्या दिवशी चौथ्या कुंडीतला एक मणी बोटाखाली दबला. इंदूने दुसरा दाबून पाहिला. तोही दबला. तिने हाक मारली तेव्हा रंगनाथ पाण्यातून पळत आला, पाय चिखलाने भरलेले.

"पाणी उतरलं?"

"उतरलं, दादा."

तो गुडघ्यावर बसला आणि परक्याच्या वेलीचा तो मणी दोन बोटांत हलकेच फिरवत राहिला. मग मान वर करून त्याने आपल्या वेलीकडे पाहिलं. तिचे खालचे घड आठ दिवसांपूर्वी होते तसेच होते. हिरवे, चकचकीत, टणक. इंदूने ते चार दिवसांपासून पाहिलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. तोंडाने सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून. सोडवूया का? आत्ता तोडलं तर कदाचित—"

"मॅडमचं झालं का?"

"अजून पाच दिवस पाहिजेत म्हणाल्या."

"मग राहू दे."

"दादा, तू नाही म्हणू शकतोस."

"तू विचारलंस, मी हो म्हणालो," रंगनाथ म्हणाला. "आता मध्येच तुझं ओझं करू नकोस त्याचं. ते माझं आहे."

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. काय हवं होतं ते त्यांना सापडलं होतं. जनुकाचं तोंड उघडणारा एक अगदी लहानसा रेणू. त्यांनी रंगनाथला वाकून नमस्कार केला. तो संकोचून मागे सरकला. कुंड्या गाडीत चढल्या, आणि इंदूची पेटीही चढली. त्याने राहा म्हटलं नाही, तिने राहू का विचारलं नाही. गाडी वळली तेव्हा तो वेलीच्या तासलेल्या काड्यांना शेण-माती लावत होता.

*

पुढच्या हंगामात बागा आपोआप पिकल्या. एकसारख्या नाही, कुणाची आधी, कुणाची मागून, एका घडातही चार मणी पिवळे नि दोन हिरवे. दलाल कुरकुरले. पण दर बागेचा वास वेगळा होता. नदीकाठच्या बागेला ओल्या मातीचा, टेकडीवरच्या बागेला मिऱ्याचा, आणि काहींना असा की त्याला कुणाकडेच नाव नव्हतं. गंधांच्या ठरीव पाककृतींना आता कुणी विचारेना. गंधशाळेने नळ्यांचं दालन बंद केलं. निरोपाच्या दिवशी सबनीस मॅडम इंदूला म्हणाल्या, "कुठे जाणार, ताई?" इंदू म्हणाली, "घरी."

ती पोचली तेव्हा विहिरीवर निवृत्ती ढोमसे बसला होता. पुढ्यात त्याच्या बागेतल्या द्राक्षांची टोपली होती. या हंगामात अशा टोपल्या बऱ्याच जणांनी आणल्या होत्या, असं त्याच्या बोलण्यावरून कळलं. विहिरीवरच्या वेलीला घड लागले होते. मार्च अर्धा सरला होता आणि ते गोट्यांसारखे हिरवे होते. मॅडमनी आपली फवारणी तिच्यावर दोनदा करून पाहिली होती. ज्या वेलीतून तो रेणू निघाला, तिला तो लागू पडला नाही. का, ते मॅडमना सांगता आलं नव्हतं.

"आबा, आता ही काढून टाका," निवृत्ती म्हणत होता. "मी माझ्या बागेतली काडी देतो. बाभळीवर दोन वर्षांत चढेल."

"फळ पिकत नाही म्हणून काय पाणी तोडायचं?" रंगनाथ म्हणाला.

निवृत्ती उठला आणि इंदूला रामराम घालून निघून गेला. ती पेटीशेजारी उभी होती.

"तिकडचं काम संपलं, दादा," ती म्हणाली. "राहायला आलेय."

रंगनाथने पेटीकडे पाहिलं, मग घराकडे. पडवीची भिंत पावसात खचली होती, तिथे आता झोपता येण्यासारखं नव्हतं.

"मधल्या खोलीत कांदे भरलेत," तो म्हणाला. "ते आधी हलवावे लागतील."

तो पुढे झाला. इंदूने पदर खोचला आणि मागोमाग आत गेली. खोली छतापर्यंत भरली होती. एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये कांद्यांचा ढीग. सडके एकीकडे, चांगले एकीकडे, असं निवडत दोघं काम करत राहिली. दुपार कलली तरी ढीग अर्धाही झाला नव्हता, आणि त्याच्यावरून तिला भावाचं फक्त मुंडासं दिसत होतं.